चाळीस मिलिमीटर

कुपवाडच्या शेडमध्ये गाडी जॅकवर,
चारही चाकं भिंतीला टेकलेली
नंबर लागायची वाट बघणाऱ्या पेशंटांसारखी.
दिलावर जमादारनं विचारलं, किती खाली घ्यायची?
मी म्हटलं, साठ.
तो हसलासुद्धा नाही.
"मॅडम, जमिनीशी सलगी करायची,
लोटांगण घालायचं नाही.
चाळीस. आणि चाळीसलाही
मिरजेतले स्पीडब्रेकर तिरके चढायला शिका."

दोन दारं, दोन सीट, गोव्यात बांधलेली,
फायबरचं अंग, पंचवीस वर्षांचा लाल रंग,
बोनेटवर आता जवळजवळ गुलाबी.

माझा धंदा गुडघ्यांचा आणि खुब्यांचा,
म्हणून फाटके बुश हातात आले तेव्हा
ओळखीचे वाटले:
कडेला चिरलेलं, मधोमध चेपलेलं रबर,
चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी असते तसं.
जुना शॉकअप दाबला, तो आत गेला
आणि वर यायचं विसरला.

पोरानं जुन्या स्प्रिंगा डिझेलमध्ये धुतल्या,
फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या.
उजवी डावीपेक्षा बुटकी.
दिलावरनं पट्टी दोनदा लावली. नऊ मिलिमीटर.
"मालक एकटाच फिरत होता," म्हणाला,
चपलेची झिजलेली टाच बघून
चांभारानं बोलावं तसं.

मालक म्हणजे भरमूअण्णा चौगुले.
तासगाव, बेदाण्याचा व्यापार.
खुबा बदलल्यावर माझ्याकडे आले.
मीच सांगितलं होतं:
गुडघ्याच्या खाली कंबर जाऊ द्यायची नाही,
खोल सोफा नको, मांडी तर नकोच.
"आणि गाडी?"
"कुठली?"
त्यांनी मोबाइल पुढं केला.
मी फोटो पाहिला आणि मान हलवली.

तीन महिन्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.
मी सांगितला तो आकडा त्यांनी मान्य केला.
जन्मभर सौद्यात बसलेला माणूस,
घासाघीस केली नाही.

व्यायाम करताना ते सगळं बोलायचे,
गारपीट, शीतगृहाचं भाडं, जावयाची नोकरी.
डाव्या सीटबद्दल कधीच नाही.
आणि मी पाय मोजत राहिले,
किती अंशात वाकतो, किती अंशात दुखतो.

नव्या स्प्रिंगा निळ्या आल्या पुण्याहून,
शॉकअपच्या डोक्यावर फिरवायची कळ,
सोळा टिकटिक, मऊपासून कडकपर्यंत.
मी पाना उचलला तसा दिलावर ओरडला,
"हवेत असताना आवळायचं नाही!
आधी चाकं जमिनीवर, सगळं वजन पायांवर,
मग बुशचा बोल्ट."
वीस वर्षं मी लोकांना दुसऱ्या शब्दांत
हेच सांगत आले होते.
मी गप्प बसले.

गाडी उतरली.
चाकावरची ती रिकामी फट मिटली,
इतकी वर्षं उघडं राहिलेलं तोंड मिटावं तशी.
दिलावर आत बसला, आणि बाहेर येताना
दरवाजा, माझा खांदा, पोराचा हात,
सगळं लागलं त्याला.
त्याच्या पाठीसाठी सात व्यायाम लिहून दिलेत मी.
कागद शेडमध्येच आहे, ग्रीसच्या डब्याखाली.

रविवारी भोशावरून दंडोबाकडं.
अण्णा आधीच आले होते पुतण्याच्या जीपमधून,
तिसऱ्या वळणाच्या आत, बाभळीखाली
प्लास्टिकच्या खुर्चीवर, खाली दोन उशा.
मी तीनदा वर गेले, तीनदा खाली आले.
गाडी वळणात झुकेना,
रस्त्याची खडी मात्र तळव्यांत मोजता येत होती.
ते बघत नव्हते. डोळे मिटून
कान रस्त्याकडं केलेला.

थांबले तर टपावर हात ठेवला.
टप आता त्यांच्या बरगडीपर्यंत.
"बुटकी केलीस गं."
मग बराच वेळ काहीच नाही.
"मागं उजवीकडं कडक झालंय.
दोन टिक सोड."

मी वाकले, कळ फिरवली.
टिक.
टिक.

"आणि डावीकडं कुणी बसणार असेल,"
पुतण्यानं खुर्ची मिटली तेव्हा ते म्हणाले,
"तर आधी सांग. परत मोजावं लागतं."